टोनोपा अँड टाइडवॉटर सोन्यामुळे बुडाली? छे!

एक गोष्ट सगळीकडे फिरतीये, की अमेरिकेतली टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वे म्हणजे निव्वळ सोन्याच्या नादात वाळवंटात टाकलेले रूळ, नावातल्या दोन्ही ठिकाणी गाडी कधी पोचलीच नाही आणि सोनं आटलं तशी बुडाली. वाचायला मजा येते, पण यातलं अर्धंच खरं आहे.

खरं तेवढं आधी मान्य करतो. स्वतःच्या रुळांवरनं ती नेवाडातल्या टोनोपा गावाला कधीच गेली नाही. आणि टाइडवॉटर म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी, पण समुद्र कसला, दक्षिणेचं टोक कॅलिफोर्नियातल्या लडलोला, तेही मोहावी वाळवंटातच!

पण सोन्यासाठी काढली म्हणता? अहो काढणाऱ्याचं नाव तरी बघा, फ्रान्सिस मॅरियन स्मिथ, लोक त्याला सरळ 'बोरॅक्स स्मिथ' म्हणायचे. त्याला डेथ व्हॅलीजवळच्या लीला सी खाणीतलं बोरॅक्स (साबण, काच वगैरेत लागणारं खनिज) बाहेर काढायचं होतं (आधीचा मालक कोलमन, त्याच्या मुलीचं नाव खाणीला दिलेलं). नेवाडातल्या बुलफ्रॉग, गोल्डफील्ड भागांतलं सोनं म्हणजे वरकमाई.

बरं, लडलोच का? तर स्मिथनं सुरुवात लास वेगासहून केली होती, पण तिथली मेन लाइन सिनेटर क्लार्कची, त्याला स्वतःलाच गोल्डफील्डला गाडी न्यायची होती म्हणून त्यानं जोडणीच नाकारली, मग स्मिथनं गाशा गुंडाळला आणि 1905 मध्ये सांता फे रेल्वे कंपनीच्या लाइनवरच्या लडलोहून पुन्हा पहिल्यापासून काम धरलं. पुढे अमरगोसा नदीच्या घळीत काम असं रखडलं की बुलफ्रॉग भागात रूळ पोचायला 1907 उजाडलं, तोवर क्लार्कची गाडी तिथं हजर!

आता 'सोनं आटलं आणि बुडाली'. हे झालं खरं, पण क्लार्कच्या लाइनचं. ती 1918 मध्ये बंद. स्मिथची गाडी चालली 1940 पर्यंत, कारण बोरॅक्स होतं. 1914 मध्ये तर रायनच्या नव्या खाणींसाठी डेथ व्हॅली जंक्शनहून वेगळी नॅरोगेज काढली. खरा दणका 1927 चा, बोरॅक्स कंपनीनं काम कॅलिफोर्नियातल्या बोरॉन गावी हलवलं, तिथं सांता फेची लाइन शेजारीच, मग एवढ्या लांबून माल कोण आणणार? 1931 मध्ये नॅरोगेज गेली, 1933 मध्ये लडलो ते क्रुसेरो तुकडा गेला, रूळ उखडले ते महायुद्धात.

क्लार्कच्या भरावावरनं हायवे झाला तेव्हा बोरॅक्सवाली गाडी अजून धावतच होती.