काचेला धडकलेल्या रोबोटला आठ

कुडाळच्या अलीकडे आमचं घर आहे. मे महिन्यात तिथल्या पडवीत बसलो असताना आतेभावाने सहज सांगावं तसं सांगितलं की त्यांच्या कॉलेजात रोबोटिक्सला प्रोजेक्टचे पन्नास मार्क आहेत, ते वीसवर आणायचा प्रस्ताव त्याने स्वतः मांडलाय. उरलेले ऐंशी लेखी. "प्रोजेक्टाचे मार्क म्हणजे खिरापत रे. सगळ्यांका पन्नासात अठ्ठेचाळीस. पेपरात निदान कोणाक काय येता ता तरी कळता."

मी भडकलो. विमानातून उतरून दोनच दिवस झाले होते, झोप उलटी झालेली, आणि समोर एक मास्तर रोबोटिक्सचा पेपर काढायची गोष्ट करतोय. "लाइन फॉलोअरची रचना आकृतीसह स्पष्ट करा, गुण दहा." लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरच्या रेघेमागून चालणारा रोबोट, आणि असं आकृतीसह स्पष्ट केलेलं यंत्र आजवर एकदाही जमिनीवरून चाललेलं नाही. मी हे जरा जास्तच मोठ्याने बोललो असणार, कारण आतून आई बाहेर आली. परत आल्यावरही सायकलवरून कामाला जाताना, समोरून वारा असला की हमखास, मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत असतो.

मी नेदरलँड्समध्ये हाच विषय शिकवतो. पाच क्रेडिट म्हणजे एकशे चाळीस तासांचं काम, दहा आठवडे, पाचाची टीम. प्रत्येक टीमला लायडार, म्हणजे लेझरच्या किरणाने अंतर मोजणारा सेन्सर, बसवलेला एक छोटा चाकांचा रोबोट. त्याने नकली गोदामातून वाट काढायची, खोक्यांवरच्या खुणा ओळखायच्या आणि मध्ये माणूस आला तर थांबायचं. लेखी परीक्षा नाही. शेवटच्या दिवशी रोबोट चालला की नाही याला फक्त वीस टक्के. बाकी सगळं कोडच्या नोंदींना, दर आठवड्याच्या वहीला, अहवालाला आणि शेवटच्या वीस मिनिटांच्या तोंडी परीक्षेला. तोंडी प्रत्येकाची वेगळी, टीमची नव्हे.

मागे एका टीमचा रोबोट तालमीत छान चालायचा आणि चाचणीच्या हॉलमध्ये एका ठरावीक कोपऱ्यात जाऊन धडकायचा. तिथे काचेची भिंत होती. लायडारचा किरण काचेतून बहुतेक आरपारच जातो, म्हणजे रोबोटच्या नकाशात तिथे भिंतच नाही, मोकळं रान. पोरांनी आधी तीन दिवस कोडला शिव्या घातल्या. मग एका मुलीने काचेवर खालच्या बाजूला जुनी वर्तमानपत्रं चिकटवली आणि रोबोट शहाण्यासारखा वळला. त्यांनी ते लिहून ठेवलं, दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले आणि आवाजाच्या लहरींनी अंतर मोजायला एक अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडला. चाचणीच्या दिवशी नेमकी त्याची वायर सुटली, रोबोट पुन्हा काचेवर. मी दहापैकी आठ दिले. दुसऱ्या टीमचा रोबोट एकदाही न अडखळता गेला. त्यांच्यातल्या एकाला तोंडीत विचारलं, अडथळ्यापासून किती लांब राहायचं हा आकडा तुम्ही कसा ठरवला? तो म्हणाला, तसाच होता. सहा. इथे साडेपाचला पास होतात, त्यामुळे सहा मिळाल्याचं कोणाला फारसं दुःख नसतं. दुःख झालं ते टीममधल्या पुण्याच्या मुलाला. तो माझ्या खोलीत येऊन मराठीत म्हणाला, "सर, पण आमचा चालला ना!" बाकी सगळी पोरं मला नावाने हाक मारतात. पहिली दोन वर्षं ते खटकायचं, आता 'सर' खटकतं. निदान मी तसं सांगतो.

शेवटी टीममधले एकमेकांना गुण देतात. डच पोरगा सरळ लिहितो, याने तीन आठवडे काहीही केलं नाही, आणि शुक्रवारच्या बोरलला, म्हणजे कामानंतरच्या गप्पांच्या बैठकीला, त्याच्याच शेजारी बिअर घेऊन उभा राहतो. आपली पोरं पाचही जणांना सारखे गुण देतात, अगदी दशांशापर्यंत सारखे. सुरुवातीला मी याला आपल्याकडचा भिडस्तपणा म्हणायचो. मग लक्षात आलं की ही भीड नाही, करार आहे. आज तू मला सांभाळ, उद्या मी तुला. आतेभाऊ ज्याला खिरापत म्हणतो ती वरूनच वाटली जाते असं नाही.

पडवीत मी त्याला हिशोबही मांडून दाखवला. साठ पोरं, प्रत्येकी वीस मिनिटं, वीस तास. तीन दिवसांचं काम. जर्नलं तपासून सह्या ठोकायला याहून जास्त वेळ जातो. तो हसला. "त्याच तीन दिवसांत कॉलेज तपासूक नॅकची टीम येतली, तिच्या फायली कोण करतलो? तुझ्याकडे मदतीक किती पोरां?" आठ, मी म्हणालो. "माझ्याकडे एक लॅब असिस्टंट. आणि पावस पडलो की लाइट नाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा काढली. आपल्याकडे काही होत नाही असं थोडंच आहे, २००८ साली आशियातल्या देशोदेशींच्या विद्यापीठांचे संघ पुण्यात आले होते, खेळ दहीहंडीवर बेतलेला, पोरांनी लोण्यासाठी रोबोट नाचवले. "म्हणजे पोरां करतत," तो म्हणाला, "मगे मार्क कशाक?" स्पर्धेत जो हंडीपर्यंत पोचला तो जिंकला, विषय तिथेच संपतो. वर्गात मात्र तिसऱ्या थरावरून खाली आलेल्याला बोलावून विचारायचं असतं, तुझा पाय कुठे सरकला? हे मला पडवीत सुचलं नाही. आता, इथे, सुचतंय.

तोंडी परीक्षेला तर आमच्या मुलखात कोणी नवखं नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. राजा आणि राक्षस दोघांनाही आख्यान ठाऊक असतं, संवाद तिथल्या तिथे. समोरच्याने रंगात येऊन आडवा प्रश्न टाकला तर पुराणातला दाखला काढून तोंडावर फेकावा लागतो, आणि पहाटे तीनला चटईवर आडवी झालेली आजीसुद्धा ओळखते कोणाला आख्यान येतंय आणि कोण नुसता मुकुट घालून उभा आहे. चॅटबॉटकडून कोड लिहून आणणारी पोरं आता माझ्याकडेही आहेत. ती मुकुट घालून येतात. कोड वाचून मला ओळखू येत नाही, वीस मिनिटं बोललं की येतं.

इथपर्यंत मी बरोबर आहे, असं मला अजून वाटतं. पण आतेभावाने वाद संपवला तो वेगळ्याच वाक्याने. "आपण काय केलाव ता विसारलंस काय?"

विसरलो नव्हतो. आम्ही दोघे एकाच वर्गात होतो, एकाच प्रोजेक्टमध्ये. कोकणातलंच एक कॉलेज, २००६ साल. फेब्रुवारीत आम्ही कोकणकन्येने रात्रभर जनरलच्या डब्यात बसून मुंबईला गेलो, लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून तयार लाइन फॉलोअर घेतला. साडेचार हजार, अहवालासकट. ८९सी५१ चिप, दोन मोटरी, समोर आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सरची जोडी. दुकानदाराने पांढऱ्या सनमायक्यावर काळी पट्टी लावून चालवून दाखवला. कॉलेजात तो ट्यूबलाइटखाली चालायचा आणि खिडकीतून ऊन आलं की वेड लागल्यासारखा गोल फिरायचा. उन्हातही इन्फ्रारेड असतं हे त्या अहवालात कुठेही नव्हतं. आम्ही परीक्षेच्या दिवशी खिडकीला चादर लावली. एक्स्टर्नलना दुपारची गाडी पकडायची होती. त्यांनी नाव विचारलं, सुरमईचं जेवण झालं, पन्नासात सत्तेचाळीस. ते सत्तेचाळीस ज्या गुणपत्रिकेत आहेत तिच्या जोरावर मी इथे आलो. तो तिथेच राहिला, शिक्षक झाला, आणि आता त्याला पेपर हवाय, कारण चादर काय असते हे त्याला माहीत आहे.

मला वाटतं माझी चिडचिड त्याच्या प्रस्तावावर नव्हतीच. इथल्या संसदेत गेली काही वर्षं विद्यापीठांतलं इंग्रजी कमी करायचं चाललंय. मीटिंगला मी शिरलो की सगळे माझ्यासाठी इंग्रजीवर येतात, आणि चर्चा तापली की पुन्हा डचवर जातात. मग मी समोरच्या कॉफीकडे बघत बसतो. माझं डच साडेपाचचं आहे. अशा वेळी कुडाळच्या एका कॉलेजाने काय करावं याबद्दल मला फार ठाम मतं सुचतात.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने माळ्यावरून तो लाइन फॉलोअर शोधून काढला. आईने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता. एक चाक गेलेलं, बोर्डाला पावसाळ्यांची बुरशी. आतेभाऊ शेजारीच फणस सोलत बसला होता.

"मामा, ह्यो तू बनवलंस?"

"होय," मी म्हणालो.

मग त्याने बोर्डावरचा निळा स्क्रू कशाला आहे ते विचारलं. ते मी त्याला चांगलं दहा मिनिटं समजावलं, सेन्सरला किती उजेड दिसला म्हणजे काळं आणि किती म्हणजे पांढरं ते त्या स्क्रूने कसं ठरतं, ऊन आलं तर तो कसा फिरवायचा. आतेभावाने एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात चिकाने माखले होते.

"ती तेलाची वाटी हडे सरकव," तो म्हणाला.