बोर्दो: सकाळी जाऊन संध्याकाळी परत

बोर्दोला जायचे आपण ठरवलेच असेल, तर तिथे मुक्काम करणार नाही अशी शपथ आधी घ्यावी. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकातून सुटणारी वेगवान गाडी २०१७ पासून जेमतेम दोन तासांत तिथे पोहोचवते. तेव्हा गारोन नदीच्या काठी जे शहर घडायला दोन हजार वर्षे लागली, ते जेवणासकट पाच तासांत उरकावे.

तारीख सप्टेंबरअखेरची धरावी. द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते, मालकापासून मजुरापर्यंत कोणालाही मान वर करायला सवड नसते, आणि नेमक्या अशा वेळी काहीही न कळवता बोर्दोजवळच्या मेदोक या वाइनच्या पट्ट्यातल्या एखाद्या ‘शातो’च्या, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्याच्या, फाटकाशी उभे राहून ‘आम्ही पुण्याहून आलो आहोत’ असे सांगण्यात एक वेगळाच रुबाब असतो. राजवाडा म्हणून जे पाहायला आलो ते बागेतले साधे दुमजली घर निघाले, तर नाराजी तिथेच आणि मोठ्याने व्यक्त करावी.

वाइनची निवड त्या मानाने सोपी आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी मुख्यतः मेदोकच्या मळ्यांची पाच श्रेणींत प्रतवारी लावली, ती बाजारात मिळणाऱ्या भावावरून. त्यानंतर पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती एकाच मळ्याला, १९७३ मध्ये. स्थळ पाहताना आधी घराणे आणि मग पगार विचारणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत निराळी शिकवावी लागत नाही. चाखताना घोट थुंकण्यासाठी समोर भांडे ठेवलेले असते, तिकडे दुर्लक्ष करावे. पैसे भरलेले आहेत. शिवाय सहाव्या पेल्यानंतर सगळ्याच वाइन पहिल्या श्रेणीच्या लागतात.

‘कानले’ नावाचा रम आणि व्हॅनिला घातलेला छोटा केक तिथे मिळतो. बाहेरून काळपट, कडक आणि आतून लुसलुशीत असा तो मुद्दाम भाजतात, म्हणून करपला या सबबीवर परत करावा आणि अंड्याशिवायचा मागावा. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरला जाई आणि उरलेल्या बलकांतून हा पदार्थ निघाला, असे तिथे सांगतात. दुकानदार ते सांगू लागला की घड्याळ पाहावे.

बूर्स चौकासमोर २००६ साली केलेला ‘पाण्याचा आरसा’ मात्र चुकवू नये. काळ्या दगडावर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी असते, त्यात अठराव्या शतकातल्या इमारती उलट्या दिसतात आणि त्यांच्या मध्यभागी आपण सुलट. पाठीमागच्या भिंतींवर दगडी मुखवटे कोरलेले आहेत, त्यांत काही चेहरे आफ्रिकी आहेत. ही श्रीमंती वाइनइतकीच गुलामांच्या जहाजांवर आणि त्यांच्या श्रमांतून आलेल्या साखरेवर उभी राहिली, हे आकितेन संग्रहालयात नीट मांडले आहे. तिथे फिरकू नये. फोटोंखाली लिहायला अडचण होते.

निघण्यापूर्वी निफाडच्या मामांना फोन करण्याचीही गरज नाही. त्यांच्या गोठ्यात मोरचूद आणि चुन्याची पोती कायम असतात. मेदोकमध्ये चोरांनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्यांवर हे मिश्रण शिंपडत, आणि त्याच वेलींवर केवडा हा बुरशीचा रोग पडत नाही हे एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे बोर्दोच्याच नावाचे ‘बोर्डो’ मिश्रण मामांना तोंडपाठ आहे. परत आल्यावर ते विचारतील, तिकडच्या बागांची पाने अजून निळी दिसतात का. त्यांना आरशातला फोटो पाठवावा.