धोका नांगराचा नाही, जेसीबीचा

जमिनीखालच्या गॅस पाइपलाइनच्या रक्षणासाठी ड्रोन आणि कॅमेरे लावायला हवेत, असं पाइपलाइनच्या सुरक्षेवरच्या लेखात म्हटलंय. शेतकऱ्याचा उल्लेखच नाही! दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी आमच्या बेळगाव जिल्ह्यातून जाते. ऊस डोक्यावर गेला की वाहिनीच्या खुणेचे खांब दिसत नाहीत, आणि खोदायला येणारा जेसीबीवाला बहुधा परगावचा; खाली वाहिनी आहे हे त्याला ठाऊकच नसतं. पाइपलाइनसाठीच्या १९६२ च्या कायद्याने वाहिनीवरच्या जमिनीच्या पट्ट्यात पीक घेता येतं. घर, विहीर, झाड चालत नाही. हे किती जणांना कुणी समजावून सांगितलंय? सीमाभागात हे सांगणारे फलक कानडीबरोबर मराठीतही लावा, फोन नंबर ठळक असू द्या.

लेखातला गंजाच्या धोक्याचा मुद्दा मात्र अगदी बरोबर. २०१४ मध्ये आंध्रातल्या नगरमला गंजलेल्या वाहिनीतून गॅस सुटला, पहाटे माणसं होरपळून मेली. गंज रोखण्यासाठी वाहिनीला दिलेल्या विजेचं माप ज्या खांबावर घेतात, त्याला आमच्याकडे बैल बांधलेला मी पाहिलाय.