'एसटीत नवख्याला कापतात' म्हणे!

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. बाहेरगावाहून खान्देशात शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांना सावध करण्याचा त्याचा आव. म्हणणं एवढंच की एसटीत नवखा चेहरा दिसला की कंडक्टर कापतो. पुरावे म्हणून खाली यादी: एकाच गावाचं भाडं रोज वेगळं, सुरतेच्या गाडीत बायकांना अर्धं तिकीट देत नाहीत, साठीच्या म्हाताऱ्यांची सवलत दाबतात, सुटे पैसे गिळतात. आणि वर सल्ला की तिकीट न घेता दहा-वीस कमी देऊन मोकळं व्हा, नाहीतर सरळ काळी-पिवळी, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप, धरा.

सगळे कंडक्टर संतमहात्मे असतात असं कोणी म्हणत नाही. पण भाडं ठरवणं त्याच्या हातात नसतं. तो मशीनमध्ये 'कुठून कुठे' आणि 'फुल की हाफ' एवढंच घालतो. आकडा मशीन काढतं. तो कसा निघतो हे कळलं की या यादीतलं बरंचसं आपोआप गळून पडतं.

'काल जळगाव-धुळे दीडशेत, आज दोनशेच्या वर. लूट!'

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर चालतं. एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. २५ जानेवारी २०२५ पासून जी भाडेवाढ लागू झाली, तिच्यात साध्या लाल गाडीचा टप्पा १०.०५ रुपये, निमआरामचा १३.६५ आणि वातानुकूलित शिवशाहीचा १४.२० रुपये झाला. जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळे साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे पंधरा टप्पे धरा. लाल गाडीला होतात दीडशे रुपये आणि वर थोडी चिल्लर. तेवढ्याच टप्प्यांचे शिवशाहीला २१३. मेसेजवाल्या भाऊला काल लालपरी मिळाली असणार, आज शिवशाही. गाडीच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं, एवढाच घोटाळा.

यात आणखी एक गैरसमज हटकून होतो. पाटीवर 'जलद' दिसलं की जास्त पैसे लागतील म्हणून नवीन पोरं ती गाडी सोडून देतात. लाल गाडी साधी असो की जलद, टप्प्याचा दर एकच आहे. फरक थांब्यांचा. जलद गाडी मधल्या बारक्या थांब्यांवर थांबत नाही. विद्यापीठात किंवा बांभोरीकडे जायचं असेल तर जळगाव स्टँडवरून धुळ्याकडे जाणारी कुठलीही गाडी त्याच रस्त्याने जाते, पण प्रत्येक गाडी तिथे थांबेलच असं नाही. पायरीवर पाय ठेवण्याआधी 'विद्यापीठाला थांबते का' एवढं विचारावं. आत बसून, तिकीट फाडल्यावर विचारलं की वाद होतो, आणि तो वादच पुढे 'लूट' म्हणून ग्रुपवर येतो.

कंडक्टरने 'कोठे जानं शे, भाऊ?' म्हटलं की नवखा सांगतो, 'कॉलेज'. कंडक्टरच्या मशीनमध्ये 'कॉलेज' नावाचं गाव नसतं. त्याला थांब्याचं नाव हवं असतं. तुम्ही मोघम सांगितलंत तर तो पुढच्या मोठ्या थांब्याचं तिकीट देणार आणि टप्पा एखादा वाढणार. थांबे शेजारी-शेजारी असले तरी मध्ये टप्प्याची हद्द आली तर भाड्यात दहा रुपयांचा फरक पडतो. हद्द ओलांडली की पुढचा टप्पा पूर्ण धरतात, मग तुम्ही त्यातला एकच किलोमीटर का जाईनात.

तिसरी भानगड 'मार्गे'ची. धुळ्याहून शहाद्याला दोंडाईच्यावरून जाता येतं, तसं शिरपूरवरूनही. रस्ता बदलला की टप्पे बदलतात, म्हणून गाव तेच असून भाडं वेगळं. पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात मार्ग लिहिलेला असतो. गर्दीत लोक वरचं मोठं नाव वाचूनच पळत सुटतात.

तिकीट हातात आलं की ते चुरगाळून खिशात कोंबू नये. तारीख-वेळ, गाडीचा प्रकार, कुठून कुठे, फुल किती, हाफ किती, रक्कम, सगळं त्या चिटोऱ्यावर असतं. शाई फिकी असते हे मान्य. पण चूक झाली असेल तर ती तिथेच, पुढचा थांबा यायच्या आत दाखवता येते.

'सरकारने अर्धं तिकीट केलं, पण सुरतेच्या गाडीत बायकांकडून जास्त घेतात'

हा आक्षेप पुण्या-साताऱ्याकडे फारसा ऐकू येणार नाही. आपल्याकडे तो रोजचा आहे, कारण आपण दोन राज्यांच्या कुशीत बसलोय. महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ ला सुरू झाली. एसटीच्या साध्यापासून वातानुकूलितपर्यंत सगळ्या गाड्यांत महिलांना पन्नास टक्के सवलत आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण लागतं.

म्हणजे धुळ्याहून सुरतेला निघालेल्या ताईंचं तिकीट नवापूरच्या हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण. दोन्ही मिळून जो आकडा येतो तो अर्ध्यापेक्षा जास्तच असणार. शिरपूरहून पळासनेर ओलांडून सेंधव्याकडे, रावेरहून चोरवडवरून बऱ्हाणपूरला, शहाद्याहून खेतियाला, सगळीकडे हाच हिशेब. खेतिया तर शहादेकरांना बाजाराचं गाव, परराज्य वाटतच नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या माणसाला हद्द म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही, पण अकोल्याहून नुकत्याच बदलून आलेल्या बाईंना ते कसं कळणार? त्यांचा राग मी समजू शकतो. परत येतानाही तसंच: सुरतेहून हद्दीपर्यंत पूर्ण, मग अर्धं.

याच रस्त्यांवर गुजरातची एसटीही धावते. नवापूर-नंदुरबारकडे ती सर्रास दिसते. तिच्यात आपली सवलत लागूच नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात प्रवास केला तरी नाही, कारण ती सवलत आपल्या महामंडळाने आपल्या गाड्यांत दिलेली आहे. घाईत बसलात आणि पूर्ण पैसे पडले तर त्याचा दोष आपल्या कंडक्टरवर कशाला?

'साठीनंतर अर्धं तिकीट असतं, पण देत नाहीत'

देत नाहीत, कारण तसं काही नाही. एसटीची ज्येष्ठांची अर्ध्या तिकिटाची सवलत पासष्टपासून आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. हा मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला. साठीचा आकडा लोकांच्या डोक्यात रेल्वेमुळे बसला असावा. तिथे पुरुषांना साठला सवलत मिळायची, ती मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत आबांचं आधार कार्ड बघून वय ठरतं, पांढऱ्या मिशा बघून नाही. आणि ही सवलतसुद्धा राज्याच्या हद्दीपर्यंतच. मोफत असलं तरी शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. का, ते पुढच्या मुद्द्यात.

'तिकीट घेऊच नका, दहा-वीस कमी द्या'

अख्ख्या मेसेजमधला हा सगळ्यात वाईट सल्ला. विनातिकीट सापडलात तर चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, यात जे जास्त असेल ते द्यावं लागतं. तपासणी पथकाची जीप कुठल्या फाट्यावर उभी असेल ते कंडक्टरलाही ठाऊक नसतं. त्याची नोकरी जाते आणि भर गाडीत तुमची शोभा होते.

दुसरं असं की तिकिटात १ रुपया अपघात सहाय्यता निधीचा असतो. १ एप्रिल २०१६ पासून तो घेतात. गाडीला काही झालं तर तुम्ही त्या गाडीत होतात हे सांगणारा पहिला कागद म्हणजे ते तिकीट. मोफतवाल्या आजींनी शून्याचं तिकीट जपायचं ते यासाठी. घाटरस्त्याने जाणाऱ्याने तरी हे हसण्यावारी नेऊ नये.

'सुटे पैसे परत देत नाहीत'

हा मुद्दा निम्मा खरा आहे. पूर्वी भाडी पाचाच्या पटीत असायची. २०२५ च्या वाढीनंतर अकरा, एकवीस असे आकडे आले आणि सकाळच्या पहिल्या फेरीपासून कटकट सुरू झाली. अकराच्या तिकिटाला पन्नासची नोट दिली की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर पेनाने '३९' लिहून देतो, 'उतरताना घ्या भो' म्हणतो आणि मागच्या बाकाकडे सरकतो. उतरताना गर्दी असते, तुम्ही दारात, तो मागे. घंटी वाजते, गाडी सुटते, ३९ रुपये गाडीबरोबर चोपड्याला जातात. काही कंडक्टर मुद्दाम विसरतात, हेही खोटं नाही.

उतरायच्या दोन थांबे आधीच तिकिटाची पाठ दाखवून पैसे मागून घ्यायचे. आता मशीनवर क्यूआर कोड येतो, मोबाईलवरून नेमके २१ रुपये देता येतात आणि प्रश्न मिटतो. मात्र धडगाव-मोलगीकडे निघालात तर रेंजच्या भरवशावर राहू नका, सातपुड्यात खिशातली चिल्लरच कामाला येते. आणि खरोखर पैसे बुडाले असतील, तर स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाकडे तिकीट दाखवून तक्रार करता येते. तिकीट नसेल तर कशाच्या जोरावर करणार?

'त्यापेक्षा काळी-पिवळी परवडते'

अक्कलकुवा-धडगावकडच्या कित्येक पाड्यांना एसटी दिवसातून एखाददुसरीच, तिथे काळी-पिवळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मेसेज लिहिलाय शिकायला आलेल्या पोरांसाठी, आणि त्यांचा हिशेब एका फेरीच्या भाड्याने करून चालत नाही. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत असते. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत. काळी-पिवळीत पास नाही, हाफ नाही, आणि सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. आपल्या गावच्या आगारात पासाला काय कागद लागतात ते विचारून घ्या, बोनाफाईड आणि फोटो तर लागतातच. जुलैत पासाच्या खिडकीवर झुंबड असते, तेव्हा जमलं तर जूनमध्येच काढून ठेवा.