घोकंपट्टी : वाक्यात उपयोग करा

आज डोकं फिरलंय, आधीच सांगून ठेवतो. मास्तर मंडळींना राग येणार असेल तर येऊ दे.

संध्याकाळी कामावरून आलो तर धाकटी हॉलमध्ये फरशीवर पालथी पडून वही भरत होती. 'काय करलालीस गं?' म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, 'शिक्षा.' आठवीची मराठीची चाचणी झाली होती. प्रश्न आपल्या वेळचाच, दिलेल्या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. शब्द घोकंपट्टी. हिनं लिहिलं होतं, 'माझ्या तातांनी ४० वर्षं माग चालवला, पण कधी घोकंपट्टी केली नाही.' (ताता म्हणजे आमच्या तेलुगूत आजोबा.) त्यावर लाल रेघ, शून्य गुण आणि समासात शेरा : 'वर्गात दिलेले वाक्य १० वेळा लिहून आणणे.'

वर्गात दिलेलं वाक्य असं : 'रमेशने घोकंपट्टी करून परीक्षेत चांगले गुण मिळवले.'

मी दोनदा वाचलं. तुम्हीही वाचा. घोकंपट्टीचं वाक्य फळ्यावरून उतरवून घ्यायचं, पाठ करायचं, पेपरात जसंच्या तसं ओकायचं, आणि नाही ओकलं तर १० वेळा लिहायचं. आता शब्दाचा अर्थ वेगळा शिकवायची गरज काय? प्रात्यक्षिकच झालं की.

बरं, ते वाक्य तरी धड आहे का? घोकंपट्टी हा शब्द आपण कुणाच्या कौतुकाला वापरतो का कधी? 'पोरानं नुसती घोकंपट्टी केली, डोक्यात काही शिरलं नाही' असं म्हणतो. 'नुसती' लिहिलं नाही तरी ते ऐकू येतंच. मूळ घोकणं बिचारं एवढं वाईट नव्हतं. घोष करणं, मोठ्यानं म्हणून म्हणून तोंडात बसवणं. त्याला पट्टी चिकटली आणि सगळी अब्रू गेली. आणि इथं रमेशला त्याच्याबद्दल चांगले गुण! (मिळतातच म्हणा. त्या अर्थानं वाक्य अगदी वास्तववादी आहे.)

आता मुद्द्यावर येतो, कारण मला राग फक्त शेऱ्याचा नाही आला. लाल रेघ 'ताता' आणि 'माग' या शब्दांवरून गेलीय, ते मला लागलंय.

माझे वडील सोलापुरात साखर पेठेत चादरीच्या कारखान्यात होते. मी चौथी-पाचवीत असेन, त्यांच्या रातपाळीला डबा घेऊन जायचो. आत पाय ठेवला की बोलणं संपलं, कानाला तोंड लावल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. एका रात्री ते मागाकडे पाठ करून डबा खात बसले होते. आठ माग एकदम चालू. खटाक खट, खटाक खट. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, घास अर्ध्यात आला आणि हात थांबला. 'पत्ता गेला,' म्हणाले, उठले, आपला माग बंद केला. मला बदललेलं काहीच ऐकू आलं नव्हतं. जाऊन बघतो तर मोराच्या मानेत आडवी रेघ उमटलेली, बोटभरसुद्धा नाही. वर जॅकार्डच्या माळेतल्या एका पत्त्याचं भोक फाटलं होतं.

ज्यांनी जॅकार्ड पाहिलं नाही त्यांच्यासाठी : मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेऱ्याला एक पत्ता. जिथं भोक तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नाही तिथला खाली राहतो, मधून आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो. शेवटचा पत्ता झाला की पुन्हा पहिला. असा मोर, परत मोर, परत मोर. जोसेफ जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास ही करामत केली, तीच आमच्या पूर्व भागात घराघरातल्या कारखान्यात चादरीला नक्षी घालत राहिली.

आता सांगा, घोकंपट्टी कुणाची? त्या माळेची. तिला अख्खा मोर तोंडपाठ आहे, पण मोर म्हणजे काय हे माहीत नाही. भोक फाटलं तर मान मोडलेला मोर ती तितक्याच इमानदारीनं १०० चादरींवर काढील. खाली बसलेल्या माणसानं तोच हात रात्रभर तसाच हलवला तरी त्याचा घास थांबतो. याला तुम्ही घोकंपट्टी म्हणणार?

आणि म्हणतात हो लोक! आमच्या कामावर एक साहेब आहेत, सारखे म्हणतात, 'आपलं काम म्हणजे घोकंपट्टी.' अहो, शिक्के मारण्याची घोकंपट्टी होत नसते. ती पाठ करण्याची असते. शिक्के यांत्रिकपणे मारतात, फार तर घाण्याच्या बैलासारखे. न कळता धडाधडा बोलला की ती पोपटपंची. पुढाऱ्याच्या मागून हो-हो केलं की त्याची री ओढली. आणि सासूबाईंना हरिपाठ येतो, त्याला मुखोद्गत म्हणायचं. तिथं घोकंपट्टी म्हणून बघा, जेवायला वाढणार नाहीत. एवढे शब्द आपल्याकडे आहेत, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि पोरांना मिळतो एक रमेश.

थोडं पाणी पिऊन आलो. बायकोनं वरचं वाचलं. म्हणाली, 'बाईंच्या वर्गात ६० पोरं आहेत. प्रत्येकाचं वेगळं वाक्य तपासत बसल्या तर त्यांनी घरी स्वयंपाक कधी करायचा?' ठीक आहे. हे मान्य. वर निवडणुकीची कामं, जनगणना, खिचडीचे हिशेब, सगळं त्यांच्याच डोक्यावर, तेही मान्य. पण शून्य? अर्धा गुण तरी द्यायचा!

आणि पाठांतरावर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर खाली येऊन शिकवाल. माझे वडील चौथी नापास. पण सवायकी, दीडकी, औटकी तोंडावर. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. चार औटे चौदा म्हणायला त्यांना श्वाससुद्धा लागायचा नाही. मालक पगाराचा हिशेब कागदावर करायचा आणि वडील उभ्या उभ्या आकडा सांगायचे. मालकाचा चुकायचा. नेहमी एकाच बाजूला चुकायचा, ही त्यातली गंमत. ते पाढे त्यांनीही कधीतरी घोकलेच असणार ना? मग कन्येचं वाक्य चूक ठरतं का? इथं मी जरा अडकलोय, खोटं कशाला बोलू.

गड्ड्याच्या यात्रेचंही, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेचंही तेच. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला आपण सगळे उभे असतो. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' कानावर आलं की हात आपोआप वर जातो, नंदीध्वजांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या सजवलेल्या उंच काठ्यांवर, अक्षता पडतात. मला कन्नड येत नाही. आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिशीपर्यंत मला दिड्डमचा अर्थ विचारावासासुद्धा वाटला नव्हता. अर्थ न कळता दर वर्षी तेच करायचं, व्याख्येत तर बसतं. पण अक्षता सुटताना अंगावर जो काटा येतो त्याला घोकंपट्टी म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही. व्याख्या चुलीत गेली.

परत त्या रात्रीवर येतो. माग बंद केल्यावर वडिलांनी चार बोटं वीण उसवली. एकेक धागा, नखानं. तासभर तरी गेला असेल. मजुरी नगावर, तेवढी कमी. मी विचारलं, 'कुणाला दिसलं असतं?' ते काही बोलले नाहीत, उरलेली भाकरी माझ्यापुढे सरकवली. वडील गेले त्याला ६ वर्षं होतील. पोरगी तेव्हा लहान होती, पण तिनं हे पकडलं, आपल्या शब्दांत लिहिलं, म्हणून माझा ऊर भरून आला होता. मघाशी तिला जवळ घेऊन विचारलं, 'ताता माग कसा लक्ष देऊन चालवायचे, म्हणून तू असं लिहिलंस ना?'

ती म्हणाली, 'नाही पप्पा. ते शाळेतच जास्त गेले नाहीत ना. मग घोकंपट्टी कुठून करणार?'

बायको आतून हसली. हसू दे.

म्हणजे वरचं एवढं सगळं माझं मीच विणलं. तरी पोस्ट काढणार नाही. तिचं वाक्य तिचं होतं, सरळ, बिनचूक, शब्द जागेवर. शून्य चूकच आहे. उद्या शाळेत जाऊन बाईंना भेटावं असा विचार होता, आता वाटतं नको, पोरीलाच पुढं त्रास. (हे वाक्य मी प्रत्येक पालकसभेच्या आधी म्हणतो.) आणि खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यात इतिहासाच्या आदल्या रात्री मीच तिला ओरडलो होतो, 'कळू दे नाहीतर राहू दे, आधी पाठ कर!'

हे टाइप होईपर्यंत तिची शिक्षा संपत आलीय. कशी लिहितेय माहितीय? आपण लिहायचो तसंच, उभं. आधी एकाखाली एक १० वेळा 'रमेशने'. मग १० वेळा 'घोकंपट्टी'. मग 'करून'चा रकाना. एका हातानं हे आणि दुसऱ्यानं शेंगदाणे. डोळे टीव्हीवर.

सहाव्या ओळीत 'गुण' राहून गेलाय. रमेशने घोकंपट्टी करून परीक्षेत चांगले मिळवले. मला इथून दिसतंय, तिला सांगितलेलं नाही. उद्या बाईंना दिसतंय का बघू.