गावाचा वर्धापनदिन: समितीसाठी काही मौलिक सूचना

गावाचा वर्धापनदिन करायचं ठरलंय? अभिनंदन! पहिला घोळ तारखेचा. गावं काही फीत कापून सुरू होत नाहीत. फार तर एखाद्या ताम्रपटात दानाच्या निमित्तानं नाव सापडतं, तेही गाव आधीपासून नांदत असल्याचं. पण याचा बाऊ करू नका. आमदारसाहेबांचा वाढदिवस कधी असतो ते बघा. गाव त्याच दिवशी वसलं. फ्लेक्सचा खर्च एकात भागतो. वय मात्र हजाराच्या खाली सांगू नका; शेजारच्या गावानं आठशे आधीच लावलेत.

इतिहासासाठी जुनी-जाणती माणसं गाठायला जाल तर फसाल. ती कुळकायद्यात कुणाची जमीन कुणाकडे गेली इथूनच सुरुवात करतात आणि व्यासपीठावरचे निम्मे मान्यवर घाम पुसू लागतात. त्यापेक्षा देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, एवढं पुरे. कुणी शिकलेला निघालाच तर ‘हेमाडपंती’ म्हणा. हेमाडपंत यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं. तरी तेही बिनदिक्कत हेमाडपंतीच! कोण तपासतंय? फक्त पाहुणे येण्याआधी देवळाला ऑइलपेंट मारून घ्या. खांबावरच्या सुरसुंदऱ्यांना गुलाबी, नंदीला चंदेरी, गाभाऱ्यात बाथरूमला लावतात तसल्या टाइल्स. नक्षी दिसेनाशी झाली की जीर्णोद्धार पूर्ण.

पाराशेजारचा तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, मात्र अडचणीचा आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार म्हणे. तूर्तास एका अंगाला शेंदूर आहे, दुसऱ्या अंगाला धुण्याचा साबण. गुरं सोडवताना किंवा वेस राखताना पडलेला हा गडी आपल्याच गावचा, पण दगडावर नाव नाही. मग निमंत्रणपत्रिकेत कुणाच्या वर घालणार आणि कुणाच्या खाली? शिवाय त्याच्या भावकीची मतं किती, तेही कळायला मार्ग नाही. मंडपाचा एक खांब खोलगटात येतोय ना, तिथं टेकूला हा दगड बेताचा बसेल.

स्मरणिका काढाच. शुभेच्छुकांच्या जाहिराती, मान्यवरांचे संदेश, समितीचे फेटे बांधलेले फोटो, आणि जागा उरलीच तर गावाचा इतिहास. तो मजकूर मागच्या वर्षीच्या यात्रेच्या पत्रकातून उचलला तरी चालतो.

उगाच धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाच्या वाटेला जाऊ नका. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात त्या गावाचं नाव ‘तगर’ म्हणून आलंय. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं. एवढ्यावर गप्प बसायचं, तर तिथले रामलिंगप्पा लामतुरे खापरं, मणी, मातीच्या मूर्ती गोळा करत राहिले. परिणाम काय? गावाला त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय चिकटलं. आता लांबलांबून अभ्यासक येतात आणि वाट्टेल ते प्रश्न विचारतात.

आपल्याकडे तशी वेळ येऊ द्यायची नसेल, तर गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाला आत्ताच जेसीबी लावा. माती फुकटची आणि कसदार. थोडी सभेच्या मैदानात भरावाला, थोडी ज्याच्या-त्याच्या शेतात, उरली तर माळवदावर. खापरं निघतील, ती रोलरखाली आपोआप बारीक होतात. राहता राहिली नाणी. सातवाहनांची असली तर पुष्कळदा शिशाची निघतात, सोनार त्यांना हातसुद्धा लावत नाही. ती पोरांना देऊन टाका. जाळ्याला वजन म्हणून ओढ्यावर मासे धरताना कामाला येतील.