पुटअप केलंय

"पुटअप केलंय," बाई म्हणाल्या आणि मागच्या माणसाचा कागद घ्यायला त्यांनी खिडकीतून हात काढला.

आडनावात एक काना जास्तीचा पडलाय, तो काढायचाय. तेवढ्यासाठी परवा भर पावसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी त्या सरकारी कचेरीत गेलो होतो.

"कुठे केलंय?"

"वर."

वर म्हणजे दुसरा मजला की ईश्वर, कळेना. भिंतीवर मात्र 'मराठीचा वापर करा' अशी पाटी. राजभाषा अधिनियम 1964 चा. साठ वर्षांत 'सादर केलंय' म्हणायला यांची जीभ का वळत नाही?

हे मी जरा मोठ्यानेच बोललो असणार. कारण बाकावरचे शेजारी सरसावले. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांना वर्गच मिळाला.

"बाई चुकीचं बोलत नाहीयेत हो. प्रस्ताव पुट अप करतात, निवडणुकीला उमेदवार पुट अप करतात. भाडं वाढवलं, पुट अप. पाहुण्याला रात्री ठेवून घेतलं, तेही पुट अप. गंमत काय, 'कुठे पुट अप करता?' हे खरं तर चार दिवसांसाठी आलेल्याला विचारायचं. आपल्याकडे गिरगावात जन्म काढलेल्यालाही विचारतात!"

"बरं."

"छत्री उघडली, तरी पुट अप." आणि त्यांनी उघडून दाखवली. ओली छत्री. कचेरीत. थेंब माझ्या अर्जावर पडले, शाई ओघळली आणि आडनावाला आणखी एक काना फुटला.

"पुढे विथ लावलं की अर्थ होतो सहन करणं. करा पाहू वाक्यात उपयोग."

उपयोग चालूच होता, फक्त वाक्यात नव्हता.

मग खिडकीकडे बघत, आवाज उतरवून म्हणाले, "आणि पुट-अप जॉब म्हणजे आतून आधीच ठरलेलं प्रकरण."

तेवढ्यात बाईंचं लक्ष गेलं. "अय्या, सर तुम्ही! ओळखलंत का? बाहेर काय बसलात, आत या ना!"

सर आत गेले. चहा गेला. त्यांची फाईल सहीसकट बाहेर आली. मला म्हणाले, "प्रॅक्टिस करा," आणि गेले. गुरूबद्दल आदर असावा, मान्य. पण मी सकाळपासून ताटकळत होतो आणि ते माझ्यानंतर आले होते.

"बाई, माझं?"

"सांगितलं ना, पुटअप आहे. उद्या या."

"उद्या शनिवार."

"मग सोमवारी या. पण सोमवारी साहेब ट्रेनिंगला आहेत. आणि हा अर्ज भिजलाय, नवीन लिहून आणा."